टपाची अर्धी शिवण

काचवाल्याच्या बायकोची एक सवय होती. शिवणकाम अर्धवट टाकून उठायची वेळ आली, की ती सुई कापडात आडवी टोचायची आणि उरलेला दोरा सुईच्या दोन्ही टोकांना आठाच्या आकड्यासारखा गुंडाळायची. दूध उतू जात असो, नाहीतर दारात गिऱ्हाईक बोंबलत असो, तो आठ घातल्याशिवाय ती उठत नसे. "असं केलं की काम थांबलेलं असतं," ती म्हणायची. "सुटलेलं नसतं."

ती पडदे शिवायची, गाद्यांचे अभ्रे शिवायची, स्कूटरच्या सीटांची कव्हरं शिवायची. होडीचा टप, म्हणजे कमानींवर ताणून बांधायचं छप्पर, हे तिचं शेवटचं काम. जाड कापड, त्याला मेण लावलेला दोरा. लांबच्या शिवणी तिनं मशीनवर मारल्या, पण कमानींच्या कोपऱ्यावर कापडाचे चार थर येत होते आणि तिथं मशीन हात टेकत होतं. ते टाके तिनं अंथरुणात बसून हातानं घातले. धाप लागली की थांबायची, धाप बसली की पुन्हा सुरू. अगदी शेवटी शेवटी टाके कमी आणि थांबणं जास्त झालं होतं.

ती गेली तेव्हा टप तिच्या पायांवर होता. कुणीतरी तो उचलून, घडी करून कपाटावर टाकला. भेटायला येणारी माणसं येऊन गेली, उसन्या आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, आणि घर रिकामं झाल्यावर काचवाल्यानं टप खाली काढला. शेवटच्या कोपऱ्यात वीतभर शिवण राहिली होती. शिवणीच्या तोंडाशी सुई होती, आणि सुईला आठ घातलेला होता.

म्हणजे ती नेहमीसारखी कामावरून उठली होती. फक्त परत बसली नव्हती.

तेव्हापासून रोज दुकानात जाण्याआधी तो टपाची घडी उलगडून अंगठ्यानं सुई चाचपायचा. आहे. मग घडी घालायचा. यात काही शहाणपण आहे असं त्याला वाटत नव्हतं, पण ती सुई तिथं, तशीच राहायला हवी, एवढं एक त्याला कळत होतं. बाकी कशाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

होडी मात्र जुनी होती. नदीवर पूल झाला आणि नावाड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यानं घराच्या खिडक्यांना काचा बसवून घेतल्या आणि त्या बदल्यात होडी काचवाल्याच्या परसात आणून टाकली. तेव्हापासून ती तिथंच उपडी होती. तिच्यावर कपडे वाळले, मांजरी व्याल्या. शेजारच्या पोरांनी तिच्यावर बसून सगळं जग पालथं घातलं. मालक आणि मालकीण तेवढे कुठं गेले नव्हते.

जायचं ठिकाण ठरलेलं होतं. बायकोनं एकदा बसमधून येताना पाहिलं होतं, नदी एका जागी दोन वाटांनी फुटते आणि मध्ये एक बेट राहतं, त्यावर पाण्याकडं कललेलं एकच झाड. "त्या झाडाखाली बसून चहा प्यायचा," ती म्हणाली होती. "आणि माझ्या हातचा नाही, तुमच्या हातचा."

"पुढच्या वर्षी," काचवाला म्हणाला होता.

पुढचं वर्ष हे फार सोयीचं वर्ष असतं. त्यात कुणी आजारी नसतं, गिऱ्हाइकांची घाई नसते, हवा छान असते आणि गुडघे दुखत नाहीत. तोटा एवढाच, की त्यात कुणाला राहायला मिळत नाही. काचवाल्यानं बायकोला अशी बरीच पुढची वर्षं दिली. शेवटी तिनं कापड आणलं आणि टप कापायला घेतला.

आता त्याला होडीवर न्यायचं मनावर घेतलं ते दोघांनी. एक त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. हा पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायचा. दुसरा समोरचा सलूनवाला, लहानपणापासूनचा दोस्त, ज्याच्या तोंडाला त्याच्या कात्रीइतकीही विश्रांती नव्हती.

"घरात बसून कुजशील, लेका," सलूनवाला म्हणाला.

"दुकानात जातो की."

"जातोस ना. परवा माझ्या भिंतीचं माप घेऊन गेलास, आणि आरसा पाठवलास शेजारच्या वाण्याकडं."

"त्यानं ठेवून घेतला."

"ठेवून घेतलाच! आता तो साखर तोलता तोलता भांग पाडतो. गिऱ्हाइकं ताटकळतात. आणि मी भिंतीकडं तोंड करून लोकांची दाढी करतो."

मेहुणा हसला नाही. तो खाली बघत म्हणाला, "भावजी, ताई म्हणायची ते बेट. आपण तिघं जाऊन येऊ. टप तर झालाच आहे जवळजवळ."

काचवाल्यानं कपाटावर नजर टाकली. 'जवळजवळ' हा शब्द त्याला टोचला.

"जाऊ," तो म्हणाला. "पण टपाला कुणी हात लावायचा नाही. बांधायचा-सोडायचा मी."

दोघांनी मान हलवली. दुःखातल्या माणसाला असली एखादी अट घालू द्यावी, असा दोघांचाही चेहरा झाला. सुईचं काचवाला बोलला नाही. बोलणार काय? माझ्या घरात एक सुई आहे आणि ती हलता कामा नये? लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं.

सामान बांधायला तिघं जमले आणि प्रत्येकानं आपापला धंदा बरोबर आणला. मेहुणा प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन डोळे मिटायचा आणि वजन सांगायचा. ते बरोबर असायचं, त्यामुळे वाद घालता येत नसे. सलूनवाल्याची पिशवी त्यानं उचलली आणि जागच्या जागी खाली ठेवली.

"जास्त होतंय. यातलं काहीतरी काढा."

"त्यात माझी दुसरी पँट आहे."

"मग तीच काढा."

"अरे, पँट काय पार्सल आहे?"

"बरोबर न्यायचं ते सगळं पार्सलच," मेहुणा म्हणाला, आणि पँट बाहेर आली. स्वतः मेहुण्यानं मात्र काखेत भलीमोठी छत्री घेतली होती. सलूनवाल्यानं तिच्याकडं बोट दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "छत्रीचं वजन करत नाहीत. तिची लांबी बघतात."

होडीत सामान लावायचं काम काचवाल्याकडं आलं. काच कधी आडवी ठेवायची नसते. आडवी ठेवली की ती स्वतःच्या वजनानं तडकते, म्हणून दुकानात सगळं लाकडी घोडीवर कडेवर उभं. आयुष्यभर हातांना तेवढंच ठाऊक. त्यानं अंथरुणाच्या वळकट्या उभ्या केल्या, तवा उभा केला, पावांची पुडकी उभी केली आणि घासलेटचा स्टोव्ह कुशीवर वळवून, कडेवर, पावांना नीट टेकवून बसवला. लांबून होडी पुस्तकांच्या फळीसारखी दिसू लागली. टपाची घडी तेवढी त्यानं मांडीवर घेतली.

पाण्यात पडल्यावर होडी इकडून तिकडं अशी डुलली, की काठावरच्या धुणं धुणाऱ्या बाईनं हात थांबवला.

"बुडायला निघालात का हो तिघं?"

"नाही हो, बेटावर," सलूनवाला म्हणाला.

"मग बरंय," बाई म्हणाली आणि कपडे आवरून जरा वरच्या अंगाला जाऊन बसली.

वल्ही सलूनवाल्यानं घेतली. त्याला बोलताना हात हलवल्याशिवाय बोलता येत नव्हतं, आणि मुद्दा ठासून सांगायचा असला की तो एक वल्हं पाण्याबाहेर काढून हवेत रोखायचा. त्यामुळे दुसऱ्या वल्ह्याच्या जोरावर होडी गोल फिरायची. नगरपालिकेबद्दल त्याची मतं फार ठाम होती. ती सांगून होईपर्यंत तिघांनी ती धुणारी बाई पुन्हा पुन्हा पाहिली, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. शेवटी तीच ओरडली, "अहो, त्यांना जरा गप्प बसवा, म्हणजे जाल पुढं!"

मग मेहुण्यानं वल्ही घेतली आणि होडी निघाली.

नदी त्या दिवशी बरी होती. वारा पडलेला. पाणी नव्या काचेसारखं, जिच्यावर अजून कुणाचा अंगठा उमटलेला नाही. काठचा लव्हाळा त्यात उलटा उभा होता आणि एक बगळा स्वतःच्याच पायांवर उलटा उभा राहिल्यासारखा दिसत होता. वल्ह्याखाली ते सगळं फुटायचं, आणि होडी पुढं गेली की मागं पुन्हा सांधलं जायचं, सांधा न दिसता. असा सांधा काचवाल्याला जन्मात जमला नव्हता. हे हिला दाखवावं, असं त्याला एकदम वाटलं आणि त्यानं मानही वळवली. शेजारी सलूनवाला बसला होता, तोंडाचा आ वासून घोरत.

काचवाल्यानं मान पुन्हा सरळ केली. मांडीवरच्या घडीत अंगठा घालून सुई चाचपली. आहे.

दुपारी जेवायला काठाला लागले. पाव उलगडले आणि तिघं एकमेकांकडं बघू लागले. कुशीवर निजलेल्या स्टोव्हनं सगळं घासलेट पावांना पाजलं होतं. मेहुण्यानं एक पाव तळहातावर घेऊन डोळे मिटले आणि तो हताशपणे म्हणाला, "दुप्पट झालाय." त्यांनी उकडलेली अंडी खाल्ली. अंड्यांनाही घासलेटचाच वास होता, पण कवचानं बिचाऱ्यानं होईल तेवढं केलं होतं.

"स्टोव्ह असा कडेवर कुणी ठेवला रे?" सलूनवाल्यानं विचारलं.

"आडवं ठेवलं की तडकतं," काचवाला म्हणाला.

सलूनवाला काहीतरी बोलणार होता. मेहुण्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

काचवाला प्यायचं पाणी शोधायला काठावरून वर गेला. टप त्यानं घडीसकट होडीतल्या फळीवर ठेवला. मेहुणा काटक्या गोळा करायला झाडीत शिरला. सलूनवाल्याला मागं राहून भांडी विसळायची होती. ती त्यानं विसळली, मग होडीतून काठावरच्या दगडावर उडी मारली, आणि त्याच्या मागच्या बाजूनं एक लांब, सावकाश आवाज आला. हात मागं नेल्यावर हाताला कापड लागलं नाही.

दुसरी पँट घरी खुंटीला होती. मेहुण्याला त्यानं काही शब्द अर्पण केले, ते झाडीत पोचले नाहीत. उद्या त्याच रस्त्यानं घरी जायचं, धुणाऱ्या बाईसमोरून, पुलावरून, बाजारातून. काय करावं, असा विचार करत तो होडीत परत आला तेव्हा टपाच्या घडीतून काहीतरी चमकलं. वाकून पाहिलं तर सुई. नुसती सुई नव्हे, दोरा ओवलेली, आणि दोराही असा मेणाचा, दणकट. माणसाचं नशीब उघडतं ते असं, असं त्याला वाटलं. त्यानं गुंडाळलेला दोरा उलगडला आणि कापडापाशी दातानं तोडला. टॉवेल गुंडाळून तो दगडावर बसला आणि पँट शिवली. कात्री चालवणारा हात, टाके चांगले पडले. दोरा संपेपर्यंत त्यानं शिवलं, वर दोन टाके जास्तीचे घातले. सुई टोपीला टोचून ठेवली. घरी गेल्यावर परत देऊ म्हणून.

काचवाला पाणी घेऊन परत आला तेव्हा पलीकडच्या काठावर आभाळ काळं झालं होतं. अवेळचा पाऊस होता, पण येणार हे दिसत होतं. "टप!" मेहुणा झाडीतून धावत येत ओरडला. काचवाल्यानं घडी उलगडली, एकेक कड कमानींवर चढवली, नाड्या बांधल्या. घाईत होता, तरी चाचपून हळू बांधत होता. राहिलेली वीतभर शिवण कुठं यावी हे त्यानं आधीच ठरवलं होतं. त्या भोकाखाली तो स्वतः बसणार होता. तेवढा पाऊस आपल्यावर पडू दे.

शेवटचा कोपरा आला आणि त्याचा अंगठा तिथं गेला.

सुई नाही. त्यानं खाली फळीवर पाहिलं. गुडघ्यांवर बसून होडीच्या तळात पाहिलं, उभ्या वळकट्या आडव्या केल्या, तवा आडवा केला. पावसाचे पहिले थेंब टपावर वाजले.

"काय हरवलं?" सलूनवाल्यानं विचारलं.

शिवण गाठीविना राहिली होती. कमान ताणल्याबरोबर शेवटचा टाका सुटला, मग त्याच्या मागचा. काचवाल्यानं दोन्ही हात वर करून कापडाच्या कडा चिमटीत धरल्या. पाऊस जोरात आला.

"अरे, बस ना खाली! तेवढं गळू दे!" सलूनवाला आवाज चढवून म्हणाला. मग त्याला वाटलं, दोस्ताला जरा हसवावं. तो पाठमोरा झाला आणि वाकला. "हे बघ! दुपारी टर्रकन फाटली होती. ओळखू येतं का? तयार ओवलेली सुई मिळाली रे, टपात टोचलेली. तुझ्या बायकोचे उपकार, मेल्यावरसुद्धा माझी अब्रू..."

तो थांबला, कारण मेहुण्यानं त्याचा दंड धरला होता.

"दोरा कसा होता तिच्यावर?"

"कसा म्हणजे? गुंडाळलेला."

"कसा गुंडाळलेला?"

सलूनवाल्यानं बोटानं हवेत दाखवलं. बोट एकदा असं गेलं, एकदा तसं, आणि आठ काढून झाल्यावर ते तिथंच राहिलं. मेहुण्यानं त्याचा दंड सोडला. त्यानं तो आठ लहानपणापासून पाहिला होता. शाळेच्या कपड्यांवर, उशांवर, एकदा तर ताईनं त्याच्या अंगातल्या सदऱ्याला घातला होता, अंगठ्याला सुई लागली म्हणून पट्टी आणायला उठताना.

"टपाला हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना भावजींनी!"

"मी टपाला हात नाही लावला," सलूनवाला हळू म्हणाला. "फक्त सुई घेतली."

काचवाला हात वर करून उभा. चिमटीतून पाणी मनगटावर, मनगटावरून बाहीत, बाहीतून छातीवर येत होतं. एकेक टाका त्याच्या बोटांखाली सरकत होता आणि तो चिमूट मागं मागं नेत होता. हात भरून आले, तसा मेहुणा पुढं झाला.

"मी धरतो, भावजी. थोडा वेळ."

"नको."

"मी ओवतो," सलूनवाला म्हणाला. टोपीतली सुई त्यानं काढून तळहातावर धरली होती. "पँटचा दोरा उसवतो, तोच ओवतो, तिथंच टोचतो. तसाच आठ घालतो. मला आठवतोय कसा होता."

"मग तो तुझा होईल," काचवाला म्हणाला.

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं, असं सलूनवाल्याला वाटलं.

"काढ," काचवाला म्हणाला.

"काय?"

"पँट."

"अरे, पावसात..."

"काढ."

त्यानं काढली. त्या दोन हात रुंद होडीत, डोक्यावर गळका टप, जाडजूड सलूनवाला एका पायावर लंगडत पँट सोडत होता आणि होडी डुलत होती, आणि तिघांतला एकही हसला नाही. त्यानं पँटची घडी केली, शिवण आत जाईल अशी, आणि भिजू नये म्हणून पोटाशी धरली. मग टॉवेल गुंडाळून बसून राहिला. काचवाल्यानं तेव्हा हात खाली घेतले. कापडाच्या कडा सुटल्या आणि पाणी एका रेघेत होडीत पडू लागलं. मशीनवर मारलेल्या टाक्यांपर्यंत येऊन उसवणं थांबलं होतं. त्या कोपऱ्यातले हातानं घातलेले सगळे गेले होते.

पाऊस उघडल्यावर मेहुण्यानं विचारलं, "परत फिरायचं का?"

"आलोय तर जाऊ."

बेट पुढच्याच वळणावर होतं. झाड बसमधून दिसलं असेल त्यापेक्षा लहान होतं आणि त्याखाली पुरामागं राहिलेला चिखल होता. तिघं चिखलात उभे राहिले. स्टोव्हमध्ये घासलेट नव्हतं आणि मेहुण्याच्या काटक्या भिजल्या होत्या. काचवाल्यानं तरी पातेल्यात पाणी घेतलं, पत्ती टाकली, साखर टाकली आणि बराच वेळ ढवळलं. पाणी पिवळं झालं. त्यानं कपात ओतलं. तिघांनी ते उभ्यानं प्यायलं.

"जमलाय," मेहुणा म्हणाला.

"नाही जमला," काचवाला म्हणाला. "तिनं थुंकून टाकला असता."

दुसऱ्या दिवशी ते परतले. धुणाऱ्या बाईनं टॉवेल पाहिला आणि ती हसत सुटली. पुलावरची पोरं मागं लागली. बाजारात वाणी नव्या आरशापुढून उठून दारात आला आणि म्हणाला, "काय हो, नदीनं सोलून पाठवलं का?" सलूनवाला, ज्याला आजवर कुणी बोलून मागं सारलं नव्हतं, मान खाली घालून चालत होता. सुई त्यानं कागदात गुंडाळून काचवाल्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या काखेतल्या पँटचं नावही काढलं नाही.

काही आठवड्यांनी मेहुण्याची बायको कपाट आवरायला आली. नणंदेचे कपडे काढून गाठोडी बांधायची, ज्याला जे उपयोगी त्याला ते द्यायचं, असं ठरलं होतं. काचवाला दारात उभा राहून बघत होता. तिनं एकेक कपडा झटकून घडी केली. कपाट निम्मं रिकामं झालं, आणि मग हँगरवर एक तपकिरी पँट निघाली. रुंद कमरेची, गुडघ्यांना चकाकलेली, मागं मेणाच्या दोऱ्यानं शिवलेली. तिनं ती पुढं-मागं करून पाहिली.

"ही कुणाची हो, भावजी?"

"तुमच्या वन्संची," काचवाला म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं, पँटच्या कमरेकडं पाहिलं. मग ती पँट होती तिथं अडकवून पुढच्या कपड्याकडं वळली.